मोत्यांचा व्यापारी आणि एक बास गिटार



या रविवारी मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील दोन लहानसे दाखले आपण ऐकले. एका माणसाला शेतात ठेव सापडते, दुसऱ्याला मोती सापडतो. दोघेही आपले होते नव्हते ते विकतात. त्यामुळे पुष्कळदा दोन्ही दाखले एकच समजून आपण पुढे जातो. पण शेतातल्या माणसाला ठेव अवचित सापडली होती. व्यापारी मात्र चांगल्या मोत्यांच्या शोधातच निघाला होता. कितीतरी मोती त्याने आधी हाताळले असतील, उजेडात धरून पाहिले असतील आणि परत ठेवले असतील. म्हणून तो एक मोती समोर आला तेव्हा सर्वस्व विकण्याचे धाडस त्याला झाले. डोळ्यांत पारख नसती तर त्याच धाडसाला आपण वेडेपणा म्हटले असते. पहिल्या वाचनात शलमोन राजा देवाकडे दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, वैऱ्यांचा नाश मागत नाही. बरे काय आणि वाईट काय हे ओळखणारे अंतःकरण तो मागतो. ख्रिस्तसभेने ही दोन वाचने एकाच दिवशी ठेवली आहेत, ती उगीच नव्हे.

ही पारख आज आपल्या धर्मग्रामात कशाला हवी आहे ते बहुतेकांच्या कानावर आलेच असेल. आपल्या गायकवृंदातील तरुणांना बास गिटार घ्यायची आहे. त्यांनी एक पाहूनही ठेवली आहे. परदेशी कंपनीची आहे, कंपनीने मोजकेच नग काढले आहेत, आणि आता थोडेच उरले आहेत असे विकणारा सांगतो. या गिटारीला डोके नाही, म्हणजे तारा पिळण्याच्या खुंट्या वरच्या टोकाला नसून खाली बुडाशी आहेत. मिस्सानंतर अंगणात हा विषय निघाला तेव्हा आमचे एक ज्येष्ठ ढोलकीवादक म्हणाले, "फादर, सहा तारांची गिटार स्वस्त अन् चार तारांची महाग. वरून बिनडोक्याची. घेणाऱ्याला तरी डोकं आहे का विचारा!" सगळे हसले. मुले हसली नाहीत. गायकवृंदाच्या पेटीतले सगळे पैसे घातले तरी निम्मीच किंमत भरते आणि उरलेली हप्त्यांनी फेडायची असा त्यांचा बेत आहे. म्हणून विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी ज्येष्ठांच्या शंकेचे बोलू. असले वाद्य देवळात चालते का? शंका जुनी आहे आणि ख्रिस्तसभेने ती टाळलेली नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीतावर जे आज्ञापत्र काढले त्यात पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांना मंदिरात मनाई होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांसाठी दार उघडले. पण अट घातली. वाद्य पवित्र कार्याला योग्य असावे किंवा तसे करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि भाविकांची खरोखर उन्नती करणारे असावे. १९६७ च्या सूचनापत्राने आणखी एक गोष्ट जोडली. वाद्य ठरवताना त्या त्या लोकांची संस्कृती आणि परंपरा पाहावी, पण लोकांच्या मते जे वाद्य केवळ ऐहिक गाण्याबजावण्याचेच आहे ते उपासनेत नसावे. म्हणजे वाद्याचे नाव वाचून निकाल देता येत नाही. ते कोणासाठी आणि कसे वाजणार आहे हे पाहावे लागते.

आणि 'परके वाद्य' म्हणाल तर आपल्या वेदीजवळच्या पेटीकडे पाहा. हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबें यांच्या हातून आकाराला आली. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असे रूप दिले. तरीही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले, कारण आपल्या रागसंगीतातील मींड आणि श्रुती तिच्या ठरलेल्या पट्ट्यांत बसत नाहीत असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. तरी आज पेटीवाचून भजन, कीर्तन, नाट्यसंगीत किंवा आपली उपासनागीते यांची कल्पना करून पाहा. ज्या ढोलकीवाल्या काकांना बास परकी वाटते त्यांच्याच शेजारी ही फ्रेंच पाहुणी बसलेली असते आणि तिला कोणी परकी म्हणत नाही.

आता बास म्हणजे काय, कारण तिला निम्मी गिटार समजणारे पुष्कळ आहेत. पूर्वी खालच्या सुरांसाठी माणसाच्या उंचीचे उभे डबल बास वाजवीत. ते नेणे-आणणे अवघड, आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. पट्ट्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून ते नाव. तारांची वाजती लांबी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बासांची तीच असते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. आपल्या शब्दांत हा खर्ज. तानपुऱ्याची खर्जाची तार वेगळी लक्षात येत नाही, पण ती थांबली की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन गेल्यासारखे होते. येलदरीतून सुटलेले पाणी सिद्धेश्वरला अडते आणि कालव्याने शेतात जाते. धरणाच्या पायाकडे बघायला कोणी येत नाही, सगळे पाणी बघायला येतात. बासचे काम त्या पायासारखे आहे. ज्याला पुढे उभे राहून चमकायचे आहे त्याने ती घेऊच नये असे आमचे मत आहे, आणि मुलांना ते आम्ही सांगितलेही आहे.

मग ही गिटार घ्यावी की नाही? आपल्या भागात विकत घेण्याचे शहाणपण शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. वसमतच्या बाजारात हळद घेणारा व्यापारी पोत्यावरचा रंग पाहून बोली लावत नाही. हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो, वास घेतो. बैल घेताना दात मोजतात, चालवून पाहतात, जमल्यास औताला जुंपून पाहतात. आणि जो असे करत नाही त्याच्यासाठी आपल्या आजी म्हणत आल्या, पाण्यात म्हैस, बाहेर मोल.

मुलांनी ही बास मोबाइलवर ऐकली आहे. इथे आम्हाला थांबावेसे वाटते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे अंश, आणि त्यावरून खालचा सूर आपला मेंदू स्वतःच रचून घेतो. देवाने कानाला दिलेली ही मोठी नवलाची शक्ती आहे, पण खरेदीच्या वेळी ती फसवी ठरते. ज्या गुणासाठी बास घ्यायची तोच गुण ज्या यंत्रातून ऐकू येत नाही, त्यावर ऐकून भाव ठरवणे म्हणजे म्हैस अजून पाण्यातच आहे.

म्हणून ती हातात घेऊन पाहिली पाहिजे. मान टोकाकडून डोळ्यासमोर धरून सरळ आहे का, पिळली आहे का हे पाहावे. लाकूड म्हटले की मराठवाड्याचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा आठवावा. मे महिन्यात ते सुकते, जुलैत फुगते, मान वाकते. ती सरळ करायला आत लोखंडी सळई असते, तिचा स्क्रू फिरतो की गंजून बसला आहे हे विचारावे. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून वाजवावी, कुठे खरखर येते का ऐकावे. पट्टा गळ्यात घालून दहा मिनिटे उभे राहावे. काही बासांची मान खाली ओढते, डाव्या हाताला ती सतत उचलून धरावी लागते आणि तासाभराच्या मिस्सात खांदा भरून येतो. या बाबतीत बिनडोक्याची रचना चांगलीच असते हे आम्ही काकांना मुद्दाम सांगतो. नेड स्टाइनबर्गर या अमेरिकी कारागिराने १९८० च्या सुमारास ती लोकांपुढे आणली, आणि वरचे वजन गेल्यामुळे वाद्य आटोपशीर झाले. पण त्याच रचनेची दुसरी बाजूही आहे. अशा काही बासांना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात, काहींना साध्या तारा चालतात. मुलांनी हे विचारलेलेच नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तार तुटली तर हिंगोलीत अशी तार मिळेल का? मर्यादित नगांच्या वाद्याचा एखादा सुटा भाग त्याच कंपनीचा असेल आणि कंपनीने तो बनवणे थांबवले, तर पुढे काय?

वाद्याबरोबर ॲम्प्लिफायरही लागतो, याचा हिशेब कागदावर कोठेच नाही. आपल्या देवळातले भिंतीवरचे स्पीकर बोलण्यासाठी आहेत. त्यांत बासचा जोर सोडला तर त्यांचे कागदी पडदे फाटतील. आणि सर्वांत आधी अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग खराब असले तर तारांवर बोटे आणि ओठ माइकला अशा स्थितीत वाजवणाऱ्याला विजेचा झटका बसू शकतो, जीवही जाऊ शकतो. बास येवो न येवो, आपल्या देवळातले अर्थिंग या महिन्यात वायरमनला दाखवले जाईल.

आता 'थोडेच उरले आहेत' या वाक्याकडे येऊ. हे वाक्य माणसाच्या मनात काय करते? दुर्मिळ वस्तू चांगलीच असली पाहिजे असे आपल्याला वाटते, आणि ती दुसऱ्याला मिळण्याच्या भीतीने आपली इच्छा दुप्पट होते. पण कमी असणे आणि चांगले असणे यांचा तसा संबंध नाही. बासच्याच इतिहासातले उदाहरण घ्या. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली 'टीबी-३०३' नावाचे छोटे यंत्र काढले. एकट्या गिटारवादकाला साथ करणारा बासवादक त्यात बसवला आहे असा तिचा दावा होता. पण ते खऱ्या बाससारखे वाजेना, सूर भरायलाही किचकट. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४ साली ते बंद झाले. त्यानंतर सेकंडहँड बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोतल्या तरुणांनी ती यंत्रे घेतली, त्यांच्या बटणांशी खेळता खेळता त्यांना भलताच आवाज सापडला, आणि १९८७ साली त्यातून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार जगापुढे आला. मग त्याच टाकाऊ यंत्राच्या किमती कितीतरी पट चढल्या.

मौज अशी की त्याआधीच मुंबईत एका माणसाने ते यंत्र ओळखले होते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बास गिटारही वाजवीत. सिंगापूरहून त्यांनी ही नवी यंत्रे आणली, घरी बसून त्यांच्यावर राग वाजवण्याचा सराव केला, आणि १९८२ साली एचएमव्हीने त्यांची दहा रागांची तबकडी काढली. ती चालली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. सिंग यांनी ती यंत्रे घेतली तेव्हा ती दुर्मिळ नव्हती, नवीन होती. त्यांनी ती आपल्या हाताला आणि आपल्या संगीताला लावून पाहिली. त्यांचे मोल त्यांनी तिथे ठरवले. पुढे किंमत वाढली ती दुसऱ्यांसाठी.

बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये जर्मन हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली. कारण साधे होते. फेंडरला सुमारे शंभर पौंड पडत, ही तिसापर्यंत मिळत होती. शिवाय ते डावखुरे, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. ती बास १९७२ साली चोरीला गेली आणि २०२४ साली परत मिळाल्याचे जाहीर झाले. आज तिची किंमत कोण करणार! पण घेताना त्या तरुणाने खिसा पाहिला होता आणि स्वतःचा हात पाहिला होता.

संत थॉमस अक्विनास यांनी विवेकाचे तीन टप्पे सांगितले आहेत, ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पाठ केले होते आणि बाजारात त्यांचा उपयोग जास्त झाला. आधी विचारविनिमय, मग निर्णय, मग आज्ञा, म्हणजे प्रत्यक्ष कृती. अरिस्टॉटलचा हवाला देऊन ते सांगतात की विचार सावकाश करावा, पण एकदा ठरले की कृती झटपट करावी. विक्रेत्याची घाई आपल्याला नेमके उलट करायला लावते. झटपट ठरवा, मग हप्ते सावकाश फेडा. विवेकाच्या अंगांमध्ये अक्विनास शिकण्याची तयारीही मोजतात, विशेषतः ज्येष्ठांकडून. कोणताही माणूस सगळे बारकावे एकटा पाहू शकत नाही, असे त्याचे कारण ते देतात. हे मुलांनी ऐकावे. पण ज्येष्ठांनीही स्वतःला ज्येष्ठ म्हणवताना आपण शिकवले की नुसती थट्टा केली हे पाहावे. गोव्यातल्या धर्मग्रामांच्या शाळांत संगीताचा मेस्त मुलाला आधी स्वर वाचायला शिकवी आणि मग हातात वाद्य देई. तिथली मुले पुढे मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे करणारी झाली. आपल्या मुलांना स्वरलिपी कोणी शिकवली? ती मोबाइलकडे गेली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

संत ऑगस्टीन यांना एक भीती होती आणि ती त्यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या पुस्तकात लपवलेली नाही. मंदिरातले गायन ऐकून त्यांचे हृदय भरून येई, श्रद्धेला बळ मिळे. पण कधी कधी ज्याविषयी गायले जाते त्यापेक्षा गाण्याचाच गोडवा जास्त भावे, आणि तेव्हा गाणे ऐकलेच नसते तर बरे असे त्यांना वाटे. शेवटी त्यांनी गायनाच्या बाजूने मत दिले, पण ती धास्ती सोडली नाही. आपल्या नरसीला संत नामदेवांचे नाव आहे. वारकऱ्यांमध्ये वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देताना घेणारा वाकून नमस्कार करतो. वाद्य आपले नाही, आपल्याकडे सेवेला आले आहे, हे त्या वाकण्यात आहे. बास आमच्या मुलांच्या गळ्यात याच भावनेने येणार असेल तर ती डोक्याची असो की बिनडोक्याची, आमचा विरोध नाही.

पैशाचे मात्र स्पष्ट बोलायला हवे. पेटीतला पैसा नाताळात घरोघर कॅरल गाऊन जमला आहे. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने सोयाबीन वाहून गेले, तरी त्या डिसेंबरात आपल्या घरांनी या मुलांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवले. काही घरांत त्या वर्षी नवे कपडे आले नव्हते हे आम्हाला ठाऊक आहे. त्या नोटांवर 'बास' असे लिहिलेले नव्हते, आणि 'बास नको' असेही नव्हते. गाण्यासाठी दिलेले पैसे गाण्यावर खर्च व्हावेत हे न्याय्य आहे. पण हप्ता हा गायकवृंदाच्या नावावर नसतो, कोणातरी एका मुलाच्या नावावर असतो. तो मुलगा उद्या पुण्याला कामाला गेला, तर हप्ता त्याच्या आईच्या दारात येईल. म्हणून हप्त्याला आमची संमती नाही. याविषयी चर्चा होईल, पण आमचे मत बदलेल असे वाटत नाही.

वाद्याबद्दल मत अजून व्हायचे आहे, म्हणून असे ठरवले आहे. गायकवृंदातील दोन तरुणांनी ढोलकीवाल्या काकांना सोबत घेऊन नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाद्यांच्या दुकानात जावे. तिथे साधी, नेहमीच्या बनावटीची चार तारांची बास आधी हातात घ्यावी, ॲम्प्लिफायरवर ऐकावी, म्हणजे तुलनेला काहीतरी मिळेल. मग ही मर्यादित नगांची बास जिथे आहे तिथे जाऊन तशीच वाजवावी. विकणारा तयार असेल तर पेटी आणि ढोलकीबरोबर आपले एक उपासनागीत वाजवून पाहावे, काकांनी डोळे मिटून ऐकावे. तारा कोणत्या लागतात, सुटे भाग कुठे मिळतात, बिघडली तर दुरुस्ती कोण करतो, हे कागदावर लिहून आणावे. विकणारा वाजवू देत नसेल तर तेही लिहावे. परतल्यावर पुढच्या रविवारी मिस्सानंतर धर्मग्राम परिषदेसमोर मुलांनीच सर्व सांगावे. जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे धर्मग्राम देईल. पैशाची पेटी मात्र त्या दिवशी इथेच, कुलुपात राहील.

आपले धर्मगुरू